उणे बारा व्होल्ट आणि आमच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंइतकी मानपानाला न जुमानणारी विहीण दिल्लीतच काय, अख्ख्या महाराष्ट्रातही सापडायची नाही. नागपूरहून नोकरीसाठी इकडे आल्या, सरकारी प्रयोगशाळेत जन्मभर यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्तीनंतर साऱ्या नातेवाइकांची घरं दुरुस्तीला घेतली. आमच्या नोएडाच्या घरी आल्या की चपला काढायच्या आधी दारावरची बेल उघडतात. एकदा मिक्सरला कान लावून मला म्हणाल्या, "हा कधीपासून रडतोय? आणि तुम्ही खुशाल चटणी वाटताय?" मी हौसेनं दिलेली झुळझुळीत साडी त्यांनी परत केली. "सिंथेटिकमध्ये वीज साठते हो. माझ्या सर्किटातल्या चिपा मरतील."

मुलाच्या लग्नात तर हॉलचा माईक घुं घुं करत होता आणि मला मानाचा नारळ द्यायच्या मुहूर्तावर नवरीची आई स्टेजखाली, तोंडात स्क्रू पिळायचा पेचकस! तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! नाकाला नथ आणि नथीपेक्षा वर नाक. श्रीखंडाची वाटी दूर सारून तासभर गाल फुगवून बसले. शेवटी धुळीनं माखलेल्या विहीणबाई आल्या, नारळ दिला, म्हणाल्या, "यापुढे तुमचा शब्द खाली पडू देणार नाही, बस?" मी विजयी मुद्रेनं श्रीखंड खाल्लं. दोन वाट्या.

मागच्या वर्षी आजारपणात आमच्या ह्यांचा आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. बाजारचा माईक आणला, तो शिट्ट्याच मारी. आधी हे पाटीवर लिहून दाखवायचे, मग लिहिणंही सोडलं. दिवसभर गॅलरीत गप्प बसून राहायचे. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमची आवाजाची पेटी मी बनवते."

पेटीतल्या आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला अधिक बारा व्होल्ट लागत आणि उणे बाराही. बॅटरी देणार फक्त अधिक, म्हणून उणे तयार करणारं एक छोटं सर्किट जोडलं. मी त्यांना चहा द्यायला गेले तर जवळ एवढासा कपॅसिटर दिसला. "हे काय असतं?" "वीज साठवायची टाकी समजा." "मग एकच का? चांगल्या मोठ्या चार घाला! व्याह्यांच्या पेटीत कंजुषी कशाला?" विहीणबाईंनी हातातली टाकी खाली ठेवली आणि मोठ्या चार घातल्या.

बटण दाबलं की टक्! पेटी बंद. सुरू होतानाच एवढा करंट ओढायची की बॅटरी घाबरून स्वतःला तोडून घ्यायची. आठ दिवस हेच. बॅटरी बदलली, चटके देणारी चिप बदलली, कॉइल बदलली. प्रत्येक टक्-ला हे खुर्चीत थोडे आणखी खाली सरकत. नवव्या दिवशी हे खुर्चीवरून उठून आत जायला लागले, तेव्हा माझा धीर सुटला. "विहीणबाई, खरं सांगा, बिघाड कुठे आहे?"

त्या चष्मा पुसायला लागल्या. "सुरुवातीला या चारी टाक्या रिकाम्या असतात ना. चौघी एकदम तोंड उघडतात. एवढं सगळं एका दमात कुठून आणायचं त्या बिचाऱ्या सर्किटनं?"

"मग काढत का नाही?"

"तुम्ही घालायला सांगितल्या होत्या."

पंधरा वर्षांपूर्वीचं श्रीखंड मला त्या क्षणी कडू लागलं. "काढा हो त्या! मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" विहीणबाईंनी भराभर तीन टाक्या उतरवल्या, व्होल्टेज हळूहळू चढेल असा एक चिमुकला कपॅसिटर चिपच्या पायाशी लावला आणि उणे बारा पुरते आल्यावरच अँप्लिफायर जागा होईल अशी सोय केली. बटण दाबलं. टक् झालं नाही. मीटरचा काटा सावकाश चढला आणि बारावर थांबला.

ह्यांनी माईक ओठांशी धरला. मी पदर सावरला. म्हटलं, आता माझं नाव घेणार. तेवढ्यात खालून भाजीवाला ओरडत गेला आणि हे गॅलरीतून गरजले, "अरे भाई, कल की भिंडी सारी बूढ़ी थी!"

भाजीवाल्यानं गाडी थांबवून वर पाहिलं. "बाबूजी! आप बोले?" आणि मग दोघं भेंडीवरून अर्धा तास भांडले. मी नळ सोडून, भांडी घासायचं नाटक करत ऐकत राहिले.

वळून पाहिलं तर विहीणबाईंचं त्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावी तशी दोन बोटं त्यांनी चिपवर ठेवली होती. त्या हळूच म्हणाल्या, "थंड आहे."