पाइपाला पाजलेलं पाणी

"आधी बोट, मंग गोष्ट," असं म्हणून आमच्या ऑफिसातल्या ताई चपला बांधावर काढायच्या, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरायच्या आणि चिखलात बोट खुपसायच्या. समोर सरपंच असो की आमचे साहेब, बोट बाहेर येईपर्यंत कोणाशी बोलणं नाही. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. साहेब त्याला टरकून असतात आणि शिपाई त्याच्यासाठी चहा राखून ठेवतो.

आमचं ऑफिस रायपुरात, तेलीबांध्याला. काम गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पाणी जपून वापरायला शिकवायचं. मी नागपूरहून नवीन आलेली, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी. ताईंचे आजोबा विदर्भातून इथे रेल्वेत आले, तेव्हापासून त्यांचं घर इथलंच. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "काहून वं, नकाशात पाणी दिसते का तुले? चाल माह्यासंगं." आणि स्कूटरवर मागे बसवून घेऊनच गेल्या.

त्यांचं सगळं शास्त्र हातभर लांबीच्या पाइपात होतं. पाइपाला भोकं पाडायची आणि तो बांधीत रोवायचा. मातीतलं पाणी भोकांतून आत दिसतं. ते वीतभर खाली गेलं की मगच पाणी द्यायचं. तोवर बांधी वरून कोरडी दिसली तरी धानाला काही होत नाही. वाचलेलं पाणी कालव्यातून पुढे, शेवटच्या गावाला मिळतं. भोकं पाडायला त्या गोल बाजारातल्या एका दुकानात जायच्या. दुकानदार विचारी, "दीदी, बाँसुरी बनवा रही हो क्या?" ताई म्हणत, "हव भैया, खेत बजाएगा."

पण उन्हाळी धानाची बांधी कोरडी ठेवायला तयार कोण होणार? कालव्याच्या तोंडाशी शेत असलेला एकच शेतकरी तयार झाला. गाव त्याला हसलं. ताईंनी चारचौघांत सांगितलं, "धान बिगड़ा तो मेरी गलती." धान बिघडलं असतं तर त्याचं वर्ष वाया जाणार होतं आणि ताईंचं पुन्हा कोणी ऐकणार नव्हतं.

रोज सकाळी त्याचा फोन येई, "दीदी, पाइप में पानी है." ताई खूश. पाण्याची पाळी आली तेव्हाही पाइपात पाणी होतं, म्हणून त्यांनीच त्याला पाणी न घेता पाळी सोडून द्यायला लावली.

चार दिवसांनी आम्ही गेलो तर बांधीला भेगा, पानं सुरळी होऊन वळलेली. ताईंचं बोट आतच जाईना. लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, आणि पाइपात मात्र पाणी!

"भैया, जमीन फट रही है, बताया क्यों नहीं?"

"आपने बोला था न दीदी, पाइप पे भरोसा रखना."

तेवढ्यात पलीकडून त्याची आई रिकामा लोटा घेऊन आली. तुळशीला पाणी घालून झालं की पाइपाला एक लोटा, हा तिचा रोजचा नेम. "बपुरा सुक्खा दिखत रहिस बेटी," ती म्हणाली. बिचारा कोरडा दिसतो म्हणून पाजत होती. चिकण मातीत ते पाणी तासभर तसंच उभं राही आणि मुलगा तेच बघून फोन करी.

ताई इतक्या हसल्या की बांधावर बसल्या. मग सुरळी झालेलं एक पान बोटांनी उलगडून बघू लागल्या.

पाणी आता शेवटच्या गावाच्या पाळीत होतं. कालव्याच्या गेटवरचा माणूस ओळखीचा. शब्द टाकला असता तर त्याने इकडे वळवलं असतं. मी तसं सुचवलंही.

"त्याईच्या वाट्याचं चोरू म्हनतेस?" ताई माझ्यावर कडाडल्या. मला फार लाज वाटली.

त्या शेतकऱ्याला घेऊन आम्ही शेवटच्या गावात गेलो. पारावर दहा-बारा माणसं होती. ताई हात जोडून म्हणाल्या, "गलती मेरी है. पाइप को पानी नहीं पिलाना, यह मैंने घर की औरतों को बताया ही नहीं. एक दिन का पानी उधार दे दो."

मग एक म्हातारा शेतकऱ्याकडे बघत म्हणाला, "ऊपर के गाँव वाले तो हर साल हमारा पानी ले जाते हैं दीदी. पूछने पहली बार कोई आया है." त्यांनी दीड दिवस दिलं. धान वाचलं. परतीच्या वाटेवर ताई स्कूटर थांबवून रडल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "पाहून काय राहिली? रुमाल दे."

मागच्या वर्षी ताई निवृत्त होऊन मुलीकडे हैदराबादला गेल्या. आता गावांत मी जाते.

यंदा शेवटच्या गावाला पाणी कमी पडलं. मी विनंती करायला वरच्या, त्या शेतकऱ्याच्याच गावात पोचले, तर साऱ्या शेतांची पाणी घ्यायची तोंडं मातीने बुजवलेली आणि पाणी सरळ खाली चाललेलं. मी तिथूनच ताईंना फोन लावला.

"कोनं सांगतलं त्याईले?" ताईंनी विचारलं.

"कोणीच नाही, ताई."

मग म्हणाल्या, "मंग आता मी खरंच रिटायर झाली वं."

मी हो म्हटलं. आणि कालव्याच्या काठावर एकटीच उभी असताना मला त्यांची फार आठवण आली.