दिवस नसताना भरलेली चोरओटी

पालमला असताना श्रावणातल्या एका दुपारी माझी चोरओटी भरली गेली... आणि मला दिवस गेलेलेच नव्हते.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी जवळच्या एका खेड्यात शिक्षिका, रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या दिवसांत एसटी कधी चालू, कधी बंद... पण चालू असली की मला जागा हमखास मिळायची. कंडक्टरच ओरडायचा, "सरका हो, दोन जिवाची बाई हाय." सुरुवातीला मी खुलासा करायचे, मग गुपचूप बसायला लागले. पाठ खरंच दुखायची, आणि आयती जागा कोण सोडतं?

जुळी मुलं दीड वर्षाची झाली तरी माझं पोट सहाव्या महिन्यासारखं. झोपून उठताना मधोमध आतून लाटणं ठेवल्यासारखा उंचवटा यायचा. बाळंतपणात पोट नीट बांधलं नाही, असं गल्लीचं मत होतं. बांधलं होतं हो... आईच्या नऊवारीने, अगदी श्वास कोंडेपर्यंत.

शेवटी औरंगाबादला एका सर्जनना दाखवलं. त्यांनी उताणं झोपवून मान उचलायला लावली आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवली. चार बोटांची फट. म्हणाले, ही चरबी नाही, गरोदरपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेत. आधी व्यायाम करा. आठ महिने इमानेइतबारे केला, तर चाराची साडेतीन बोटं झाली. मग ते म्हणाले, आता ऑपरेशन. स्नायू शिवायचे, लोंबणारी कातडी काढायची. पुढे दोन-तीन महिने जड काही उचलायचं नाही.

म्हणजे दोन पोरं सांभाळायला कोणीतरी हवं. ते कोणीतरी म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "नटायसाठी पोटाला सुरी लावून घेती का कुनी?" त्यांच्या मदतीशिवाय ऑपरेशन शक्यच नव्हतं. आणि खरं सांगू? मनातून मलाही ते नटणंच वाटायचं. तेच जास्त टोचायचं.

त्यात ती दुपार. एसटीतली बातमी शेजारच्या रुक्मिणकाकूंपर्यंत पोचली होती. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता ओटी भरतात, ती चोरओटी. काकूंनी तर ती इतकी चोरून ठरवली की मलाही विचारलं नाही... तिथेच घोळ झाला. शाळेतून आले तर घरात पाट मांडलेला, भोवती पाच बायका. कपाळाला कुंकू लागलं, पदरात खण, खोबऱ्याची वाटी आणि गहू पडले, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

पाचातल्या एक म्हणजे गल्लीतच राहणाऱ्या नर्सबाई. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात मला त्यांनीच नेलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरलेला. कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, आपलं आपरेशन फेल गेलं का हो?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. कोणाला पटेना, म्हणून ओटी बाजूला ठेवून सतरंजीवर आडवी झाले, मान उचलली. नर्सबाईंनी बोटं ठेवून जाहीर केलं, साडेतीन.

"माझं बघा बरं," म्हणत रुक्मिणकाकू शेजारी आडव्या. दोन बोटं. मग तिसरी बाई, मग चौथी... एकीची दीड, एकीची तीन. हसून हसून सगळ्यांची पोटं हलत होती. नर्सबाई वैतागल्या, "हसू नका बायांनो, मापच लागंना."

घर आणि पोरं काकूंवर सोपवून मंदिरात गेलेल्या आत्याबाई परत आल्या, त्या हे सगळं दारातूनच बघत होत्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर पिशवी खुंटीला अडकवून त्या मुकाट्याने सतरंजीवर आडव्या झाल्या. सहा बाळंतपणं झालेलं पोट ते. नर्सबाईंचा अख्खा पंजा त्या फटीत बसला. त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, कंबर दुखती का तुमची?"

"दुखती की. दुसऱ्या लेकरापासून दुखायलीय." आत्याबाई छताकडे बघत म्हणाल्या, "माझी सासू म्हनायची, कामाची चोर हाय. मलाबी तसंच वाटायचं."

नर्सबाईंनी सांगितलं, "तुमी चोर न्हवता मावशी. हे पोटच तुमचं फाकलेलं हाय." आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले, कुशीवर वळून उठल्या आणि मला विचारलं, "कवा जायचंय औरंगाबादला?"

मी म्हटलं, तुमची कंबर अशी, पोरं कशी उचलणार? "मी बसून सांभाळते," त्या म्हणाल्या. रुक्मिणकाकू लगेच म्हणाल्या, "उचलायला आमी हाव की."

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. पुढचे तीन महिने माझी पोरं या कडेवरून त्या कडेवर गल्लीभर हिंडली आणि भलतीच लाडावली. माझी पाठदुखी थांबली. पोट सपाट झालं, तेही आवडलं मला... का नाही आवडणार? कंडक्टरने जागा देणं मात्र बंद केलं.

आत्याबाईंना मी खूपदा म्हटलं, तुम्हीही दाखवा. त्या हसून टाळायच्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. आपण कामचोर नव्हतो, हे त्यांना जिवंतपणी कळलं... मला माझ्या ऑपरेशनपेक्षा त्याचंच समाधान जास्त आहे.