न चाखता पास

"चव घेण्यासाठी पिंप दोन दिवसांपेक्षा जास्त थांबवू नये," असं चेंज रिक्वेस्टमध्ये लिहिलं होतं. चेंज रिक्वेस्ट म्हणजे ठरलेल्या कामात क्लायंटने मागितलेला बदल. क्लायंट होती अमेरिकेतली एक व्हिस्की कंपनी. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. व्हिस्की मी आजतागायत चाखलेली नाही.

त्यांच्या गोदामात हजारो लाकडी पिंपं. प्रत्येकातली व्हिस्की वेगळी मुरते. म्हणून बाटल्या भरण्याआधी रॉय नावाचे त्यांचे जुने जाणकार नमुना चाखायचे आणि आमच्या सिस्टिममध्ये 'पास' किंवा 'अजून मुरू दे' असं नोंदवायचे. मागणी वाढली, नमुने साचले. आता दोन दिवसांत रॉयनी काही नोंदवलं नाही, तर सिस्टिमने आपोआप पास करायचं होतं.

मी नव्या नियमावर जुना डेटा चालवून पाहिला. रॉयनी चौथ्या-पाचव्या दिवशी चाखून थांबवलेली पिंपं सगळी पास झाली. पास करणाऱ्याच्या रकान्यात नाव आलं, रॉय.

माझे वडील कारकून. दुसऱ्याने त्यांच्या नावाने केलेल्या सहीपायी आठ महिने घरी बसले होते. मी उठून आमचे मॅनेजर कुलकर्णी सर यांच्याकडे गेले.

"सर, हा बग आहे."

"रिक्वायरमेंटप्रमाणे चालतंय ना? मग बग कसा?"

"माणसाने चाखलंच नाही, आणि त्याच्या नावावर पास?"

"अहो कांबळे मॅडम, तुम्हाला व्हिस्कीतलं काय कळतं?"

"काही नाही. सही कळते."

संध्याकाळी क्लायंटबरोबरच्या कॉलवर मात्र सरांनीच विषय काढला. तिकडच्या प्लॅनिंगच्या बाई म्हणाल्या, दुकानं रिकामी आहेत, नियम राहणारच. रॉयही कॉलवर होते. ते एवढंच म्हणाले, "नियम ठेवा. माझं नाव काढा."

शेवटी अशा पिंपांवर 'न चाखता पास' असा शेरा टाकायचं ठरलं.

काही महिन्यांनी तिकडे तक्रारी आल्या, व्हिस्की कच्ची लागते. तिकडच्या साहेबांनी रॉयना जाब विचारायला बोलावलं. रॉयनी आमच्या सिस्टिमचा रिपोर्ट समोर ठेवला. त्या लॉटमधली बहुतेक पिंपं 'न चाखता पास' होती. रॉयची नोकरी वाचली. मला त्यांची दोन ओळींची मेल आली, ती मी वडिलांना वाचून दाखवली.

नियम काही गेला नाही. दोन दिवसांचे चार झाले. त्याचंही टेस्टिंग मीच केलं.

सॉफ्टवेअरमुळे दर्जा टिकत नाही. तो कोणी सोडला, एवढं कळतं. तेही कोणी रकाना ठेवला असेल तर.