सगळ्यात मोठी चूक, माईकसमोर

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक पॉडकास्ट चालतो. चालवणारा तिशी ओलांडलेला. आधी विमा विकायचा, आता लोकांना बोलतं करतो. खोलीच्या भिंतींना काळा स्पंज, कोपऱ्यात प्लास्टिकची वेल, आणि समोर दोन माईक, दुधीभोपळ्याएवढे. शहरातल्या सगळ्या धंद्यांची माणसं तिथं येऊन बसून गेलीत. न्हावी म्हणाला, "मी केस कापत नाही, आत्मविश्वास वाढवतो." औरंगपुऱ्यातले एक साडीवाले म्हणाले, "आम्ही साड्या विकत नाही, नाती विणतो." एका रिक्षावाल्या चाचांकडून त्यानं चार वेळा वदवून घेतलं, "हमे रिक्षा नै चलाते, भरोसा चलाते." चाचा पाचव्यांदा म्हणायला तयार नव्हते, खाली रिक्षा आडवी लागलेली होती. अंत्यविधीचं सामान विकणारा एकटाच सरळ बोलला. "मी बांबू विकतो. मडकी पण विकतो." तो भाग कुणी बघितला नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो. तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? दातांचे डॉक्टर म्हणाले, मी पेशंटला फार वेळ देतो, ही माझी चूक. बिल्डर म्हणाले, मला तडजोड जमत नाही. बोअरची जागा दाखवणारे बाबा म्हणाले, पाणी लागल्यावर मी श्रेय घेत नाही, हे माझं चुकतंच. लागलं नाही तर काय करता, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मला बोलावणं आलं तेव्हा मी आठ दिवस हे सगळं बघत होतो आणि आमच्या सौ.जवळ त्यांची टिंगल करत होतो. माझं केटरिंग आहे. पूर्वी आम्ही स्वतःला आचारी म्हणायचो. मी बोलका माणूस नाही. पंगतीत सुद्धा "सावकाश होऊ द्या" एवढंच म्हणतो, तेही गिऱ्हाईक उभं असेल तर. तरी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जिन्यात तो मला काका म्हणत होता. लाल दिवा लागला तसा सर म्हणायला लागला.

तासभर मी बोललो. आम्ही जेवण वाढत नाही, आठवणी वाढतो, हे वाक्य माझं आहे. मी ते आरशासमोर बसवलं होतं.

मग तो प्रश्न आला. माझ्याकडं खरं उत्तर होतं. अकरा वर्षं होतं. ते घशापर्यंत आलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

मी म्हणालो, "माझी चूक म्हणजे मी माणसांत फार गुंततो. आमच्याकडं एक मावशी होत्या, खुलताबादकडच्या. हाताला काय चव होती! पण वय झालं. एका वास्तुशांतीला तीनशे माणसांच्या आमटीत त्यांनी दोनदा मीठ टाकलं. मी त्यांना आधीच थांबवायला हवं होतं. भावनेपोटी थांबवलं नाही."

पॉडकास्टवाल्यानं मांडीवर थाप मारली. "सर, भावनेवर धंदा चालत नाही! हे रीलला जाणार." आणि गेलं. खाली दुःखी बासरी लावून गेलं. गल्लीच्या ग्रुपवर आलं, केटरिंगवाल्यांच्या ग्रुपवर आलं, सासरवाडीच्या ग्रुपवर आलं. सौ.नं ते चहा गाळता गाळता बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी दोनदा मीठ टाकणाऱ्या नव्हत्या वो." मी पेपर वर धरला.

आता खरं सांगतो.

आमच्या कामात मिठाचा हात एकच असतो. टोळीत दहा माणसं असोत की वीस, मीठ एकानंच घालायचं, दुसऱ्यानं त्या पोत्याला शिवायचं नाही. कारण पूजेच्या स्वयंपाकाला नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नसते. सगळा कारभार अंदाजावर. आमच्या टोळीत तो हात मावशींचा होता. मी मालक होतो, पण माझा हात तो नव्हता, आणि हे मला टोचायचं. लोक जेवून उठले की माझ्याकडं बघून ढेकर द्यायचे आणि मावशींना शोधत मागं जायचे.

त्या दिवशी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती. मावशींनी मीठ घातलं, डेगेवर झाकण टाकलं आणि घरच्या बाईनं हाक मारली म्हणून पुरणाचा नैवेद्य बघायला आत गेल्या. तेवढ्यात एक गृहस्थ मांडवाच्या मागं आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, केटरर बघत हिंडत होते. मला म्हणाले, "तुम्ही फक्त मॅनेजमेंट बघता का? स्वयंपाक येतो का काही?"

एवढंच. एवढंच झालं होतं.

मी झाकण काढलं. पोत्यात हात घातला. तीन ओंजळी मीठ असं उंचावरून सोडलं, जसं टीव्हीवर सोडतात. "अंदाज लागतो साहेब, चमचा नाही." गृहस्थ खूश झाले. मीही झालो. मावशींनी मीठ घातलं असेल का, हा विचार मनात आला नव्हता असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. आला होता. पण ओंजळ भरलेली होती आणि माणूस बघत होता.

गुरुजींना उशीर झाला. नैवेद्य झाला तोवर पानं मांडली गेली होती, लोक बसले होते. पहिलं ओगराळं आमटीचं गेलं आणि एकेकाचा हात पाण्याच्या ग्लासाकडं गेला. मग घरमालकांचे थोरले भाऊ बोलले, "काय वो केटरर? आमटी हाय का औषध? गुळण्या करायच्या का हिच्या?"

लोक हसले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशी आतून धावत आल्या होत्या, पदराला हात पुसत. मी त्यांच्याकडं वळलो आणि तीनशे माणसांत म्हणालो, "मावशी, वय झालं तुमचं. दोनदा टाकलंत ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डेगेचं झाकण वाकडं बसलेलं त्यांनी बघितलं. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "चुकलं असंल."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मी बोलवायलाही गेलो नाही. आमच्या धंद्यात बातमी वाफेसारखी जाते. मिठाचा हात गेलेल्या बाईला कुणी डेगेपाशी उभं करत नाही. दुसऱ्यांच्या टोळ्यांत त्या पोळ्या लाटायला लागल्या. मी एकदोन लग्नांत त्यांना लांबून बघितलं आणि गाडी दुसरीकडं लावली. त्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न मात्र मला मिळालं.

रील येऊन आठवडा झाला असेल. एक फोन आला. गारखेड्यातच मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या बाई होत्या, मॅडम म्हणू. ऐंशी मुली जेवायला. म्हणाल्या, "मेसला मुख्य स्वयंपाकीण ठेवायची आहे. एक मावशी येऊन गेल्या, खुलताबादकडच्या. बोलणं पक्कं होत आलं होतं. काल मुलींनी तुमचा व्हिडिओ दाखवला. त्याच का या?"

मी अंगणात उभा होतो. म्हणालो, "नाही... म्हणजे तसं... बाई चांगल्या आहेत. बघा तुम्ही."

"म्हणजे त्याच."

"बघा तुम्ही," मी परत म्हणालो.

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "कुणाचा होता?" आणि मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकेपर्यंत तिची मेथी निवडून झाली. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी काय वसतिगृह चालवते का?"

मी पॉडकास्टवाल्याकडं गेलो. म्हणालो, ते रील काढ, खोटं आहे. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "काका, काढायचं कशाला? पार्ट टू करू! कबुली. हे कुणी केलेलंच नाही." मी म्हणालो, आधी काढ. तो म्हणाला, "काढलं तर पार्ट टू कशाचा म्हणायचा?" त्याच्या धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं. शेवटी मी बसलो. मनात होतं, निदान खरं बाहेर येईल. मी सगळं सांगितलं, ओंजळीसकट. तो मधेच थांबवून म्हणाला, "सर, इथं थोडं भरून येईल का? नाही आलं तरी चालेल, बासरी आहे."

या दुसऱ्या भागाचं नाव त्यानं ठेवलं, ‘एका केटररचं धाडस’. पहिल्यापेक्षा जास्त चाललं. खाली लोकांनी लिहिलं: सलाम. मोठा माणूस. चूक कबूल करायला काळीज लागतं. सर, आमच्या मुंजीची तारीख देऊ का? एकानं लिहिलं होतं, अशा माणसाच्याच हातचं जेवावं. मावशींचं पुढं काय झालं, हे विचारणारं एकही माणूस नव्हतं. त्या आठवड्यात मला तीन कामं आली. पाप करून एक लग्न मिळालं होतं, कबूल करून तीन.

मग मी पायी वसतिगृहावर गेलो. मॅडम ऑफिसात होत्या. मी म्हणालो, "मावशींची चूक नव्हती. मीठ मी टाकलं होतं."

त्या म्हणाल्या, "पाहिला तुमचा दुसरा पण. भाऊ, मला एक सांगा, तुमचं खरं कोणतं धरायचं? दोन्हीत शर्ट एकच आहे."

म्हणालो, "मी लिहून देतो."

"नको. मी तुमच्या भरवशावर बसले नव्हते." त्यांनी हातातली वही मिटली. "तुम्ही फोनवर ‘बघा तुम्ही’ म्हणालात ना, त्याच दुपारी मी मावशींना बोलावलं. सरळ विचारलं, मीठ दोनदा पडलं, चूक कुणाची? मला वाटलं, अंगावर आलं की मालक म्हणून तुमचं नाव घेतील. घेतलं असतं तर मी त्यांना ठेवलं नसतं, खरं सांगते. रोज एकमेकींची नावं घेणाऱ्या बाया आहेत माझ्याकडं. त्या म्हणाल्या, चूक माझी. मीठ घातल्यावर डेगेपासून हलायचं नसतं, कुणाच्या तरी हवाली करून जायचं असतं. मी हलले."

"आणि?"

"आणि काय? सोमवारपासून आहेत त्या. जा, मागं आहेत."

खरं तर मला परत फिरायचं होतं. माझ्यावाचून काम झालं होतं, आणि मला त्याचा थोडा राग आला होता, हेही लिहून टाकतो. अकरा वर्षं जे ओझं मी एकट्याचं म्हणून वागवलं, त्यातला आपला वाटा त्यांनी एका वाक्यात उचलून नेला होता, नेमका तेवढाच, ना कमी ना जास्त. माझा वाटा मात्र दोन भागांत रील होऊन सगळीकडं फिरत होता आणि माझ्यापाशीच राहिला होता.

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मावशी दोन बायांना भाताचं पाणी काढायला सांगत होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून थांबल्या नाहीत.

"चपला भाईर काढ."

काढल्या.

"बोल."

दोन्ही बाया बघत होत्या. माईक नव्हता, आणि शब्द जुळत नव्हते. मी म्हणालो, "मावशी, मीठ मी टाकलं होतं. तुम्ही टाकलंय हे मला माहीत होतं. आणि मी तुमचं नाव घेतलं."

"तीनशे माणसांत घेतलं."

"व्हय."

"आणि परवा पुन्यांदा घेतलं. त्या डब्यात." त्यांनी हातानं मोबाईलचा आकार दाखवला. "पयल्या वक्ताला मी समजून घेतलं, लेकरा. गिऱ्हाईक समोर होतं, घाबरला असशील. या वक्ताला कशाला घाबरला?"

मी म्हणालो, "मावशी, घाबरलो नव्हतो. चांगलं दिसायचं होतं."

एक बाई फिसकन हसली, मावशींनी तिच्याकडं बघितलं तशी गप्प झाली.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता जा. पोरी जेवायला यायल्यात."