व्हिसाची फी कशातून वजा होते?

टॅक्सच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम आणत नाही. ते बिलांबरोबर येतात, कॅरीबॅगच्या तळाशी, पेट्रोलच्या पुसट पावत्यांना चिकटून. सावेडीतल्या आमच्या ऑफिसात मी तीन वर्षं रिटर्न भरते आहे, आणि एवढ्यात इतके किस्से साठलेत की कुणाला तरी सांगायलाच हवेत. नवऱ्याला सांगावेत, तर निखिल कॅनडात. इथे किस्सा घडतो तेव्हा तिकडे तो झोपलेला. सकाळी साडेसातला त्याचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा मी इराचा डबा भरत असते, आणि कालच्या किश्श्याची शिळी पोळी झालेली असते. म्हणून तुम्हाला सांगते.

त्यात मी आणि चार वर्षांची इरा कॅनडाच्या व्हिसाची वाट बघणाऱ्या. त्यामुळे व्हिसाचा कागद घेऊन कुणीही आलं, की आमचे जुने क्लार्क शिंदेकाका माझ्याकडे बोट दाखवतात. "मॅडमना विचारा. त्यांचा अभ्यास आहे!"

*

ऑफिस ज्यांचं, त्या आमच्या टॅक्स सल्लागार सरांचा एक नियम आहे. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, खर्च कशासाठी केला. गिऱ्हाइकाने तोंडाने सांगायचं, आम्ही लिहायचं.

ठिबकच्या नळ्यांचे एक डीलर आले. दुबईचा व्हिसा, चार माणसांचा.

"कशासाठी?" मी विचारलं.

"प्रदर्शन होतं, मॅडम. ठिबकचं."

सर आतून म्हणाले, "धंद्यासाठी गेलात, तर तुमची फी खर्चात जाईल. वहिनींची कशी घालू?"

"सर, भाव ती करते! तिच्याशिवाय मी खरेदी करून दाखवूच शकत नाही."

"आणि पोरं?"

"नमुने उचलायला!"

सरांनी एकट्याची फी धरली. वहिनींबद्दल ते थोडे विरघळले होते, असं मला अजून वाटतं.

*

त्याच आठवड्यात मी आमच्या पहिल्या अर्जाची फी भरली. पावतीची प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवून इराला शाळेतून आणायला गेले. परत आले तर पावती नाही. मी स्वतःलाच बोल लावला. माझ्या हातून वस्तू हरवणं यात नवीन काहीच नाही.

आठ दिवसांनी सरांनी केबिनमधून हाक मारली. "मॅडम, हे डीलर कॅनडाला कधी गेले?"

शिंदेकाकांनी माझी पावती दुबईच्या गठ्ठ्यात लावली होती आणि मागे सवयीने लिहिलंही होतं, 'ठिबक प्रदर्शन'. म्हणजे आठ दिवस मी कागदोपत्री नळ्या बघायला निघालेली होते!

सरांनी ते खोडलं आणि पेन्सिल माझ्यापुढे केली. "लिहा खरं कारण."

या प्रश्नाचं उत्तर मी रोज दहा जणांना देते. तरी विचारलंच. "सर, माझ्या पगारातून ही फी वजा होते का हो?"

"कशासाठी आहे?"

"नवऱ्याजवळ राहायला."

"खासगी," सर म्हणाले.

शिंदेकाकांनी समजूत घातली. "खासगी म्हणजे घरखर्चच की, मॅडम. घरखर्चाला कुठं सूट असते?"

घर तरी एका जागी कुठं होतं? मी पावतीमागे 'खासगी' लिहिलं.

*

तो अर्ज नामंजूर झाला. कारण असं, की मुदत संपल्यावर मी परत येईन याची त्यांना खात्री वाटत नाही. मला राग यायला हवा होता. पण निखिल दोन वर्षांत एकदाही आलेला नाही. तेव्हा त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा होता असं कोणत्या तोंडाने म्हणू?

त्याच सुमारास काष्टीचे एक आजोबा आले. मुलगा कॅनडातच. त्यांचा आणि आजींचा, दोघांचाही व्हिसा नाकारलेला.

"मिळाला असता तर खर्च," आजोबा म्हणाले, "न्हाई मिळाला म्हंजे तोटा. बरोबर? मग तोटा पुढच्या वर्षात वडा. बाजारातल्या दुकानदाराचा वडता का न्हाई?"

सर म्हणाले, "आजोबा, तुमचं सगळं उत्पन्न शेतीचं. तुम्हाला टॅक्सच नाही. मी वजा करू कशातून?"

आजोबांनी विचार केला. "मग लावा की थोडा टॅक्स! अन् त्यातनं काढा!"

ऑफिस हसलं. आजोबाही हसले. जाताना पिशवीतली लिंबं माझ्या टेबलावर ओतली आणि हळूच विचारलं, "पोरी, तुजं झालं का?"

"नाही, आजोबा. दुसऱ्यांदा अर्ज करतेय."

"आमी न्हाई करायचो. म्हातारी म्हनती, दोनदा न्हाई म्हनून घ्यायला आपन काय भिकारी हाय व्हय?"

आठवडाभर मी आणि इरा सरबत पीत होतो.

*

दुसऱ्या अर्जाला पुरावे जास्त लागले. तुम्ही नवराबायको आहात आणि एकमेकांच्या संपर्कात आहात, हे दाखवा. मी सहा महिन्यांचं चॅट प्रिंटला टाकलं आणि प्रिंटर शिंदेकाकांच्या शेजारी असतो हे विसरले.

काका चष्मा सरसावून वाचायलाच लागले. "दूध घेतलं का? हो. गॅस आला का? नाही. इराचा ताप? उतरला. जेवलास? हो. झोपतो. बरं." चाळीस पानं त्यांनी चाळली. मग काळजीने विचारलं, "मॅडम, यात प्रेम कुठंय?"

मी म्हटलं, "काका, ते आम्ही फोनवर बोलतो."

खरं सांगू? फोनवर पण आम्ही गॅसबद्दलच बोलतो. संध्याकाळी मी ती चाळीस पानं पुन्हा वाचून काढली. कुठेतरी एखादं वाक्य सापडेल म्हणून. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'इथे आज कुणाशीच बोललो नाही.' खाली माझं उत्तर होतं, 'इथे लाइट गेलीय.'

सकाळी मी ते पान काढून टाकायला निघाले, तर सर म्हणाले, "राहू द्या. सगळंच लावा. इतकं कंटाळवाणं कुणी खोटं लिहीत नाही!"

*

आणि व्हिसा आला! जुलैच्या, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, दुपारी सव्वाबाराला. माझा आणि इराचा, दोघींचा. मी तो ईमेल चारदा वाचला. नाव दुसऱ्याच कुणाचं असेल अशी शंका होती.

निखिलकडे मध्यरात्र उलटलेली. फोन नाही लावला. समोर होते शिंदेकाका, म्हणून त्यांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, माझ्याशी हात मिळवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "फार चांगलं झालं! एकतीस जुलैनंतरचंच तिकीट काढा!"

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आई म्हणते. निखिल गेल्यापासून घरात आम्ही तिघीच. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि इराला समोर उभी करून स्वेटरचं माप घ्यायला लागल्या.

*

परवा आई ऑफिसात आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पेन्शनर. त्यांचं रिटर्न मी घरीच भरते. त्यामुळे त्यांना दारात बघून मी दचकून उठले.

"तू बस. मी सरांकडे आले आहे."

आणि त्या नंबर लावून बाकावर बसल्या. मी पाणी नेऊन दिलं, तर क्लायंटसारखं "थँक्यू" म्हणाल्या!

नंबर आला तसे सर उभेच राहिले. चौथीत ते आईंच्या वर्गात होते. "बाई, तुम्ही कशाला आलात? मी घरी आलो असतो."

"बस रे. एक विचारायचं आहे." आईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. आमच्या दुसऱ्या अर्जाच्या फीची पावती. "हे पैसे मी दिलेत. पेन्शनमधून. वजा होतात का?"

कंपनीने फी दिली, असं निखिल मला म्हणाला होता.

"नाही होत, बाई," सर म्हणाले.

"वाटलंच मला." आईंनी पावती घडी करून ठेवली. "मग दुसरं सांग. या दोघी गेल्या की मी एकटी राहणार. एकट्या राहणाऱ्या माणसाला काही सूट असते का?"

केबिनचं दार उघडं होतं. शिंदेकाकांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. सरांनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला, दोन-चार कळा दाबल्या, पुन्हा वळवला.

"बघून सांगतो, बाई."

आईंनी छत्री घेतली. "सावकाश बघ," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."