रविवारी लाइन बंद

धम्मरत्न सोनकांबळेने आपल्याला एखादी गोष्ट कळवली नाही, अशी तक्रार करायची सोय कुणालाच नव्हती. तो सगळं कळवायचा. लेखी कळवायचा, मुद्देसूद कळवायचा, आणि ज्याचा काडीचा संबंध नाही त्यालाही एक प्रत जायची.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटचे सांगाडे बनतात. तिथले वेल्डिंगचे रोबोट त्याच्या ताब्यात, आणि त्या रोबोटांचे प्रोग्राम लिहिणारी पाच मुलंमुली त्याच्या हाताखाली. वडील आकुर्डीला दुचाकींच्या कंपनीत आयुष्यभर फिटर होते. "तोंडी काही ठेवू नको रे," हा त्यांचा सल्ला धम्मरत्नने इतका मनावर घेतला होता की शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तो मेल टाकायचा आणि मग मान वर करून, पोचला का, असं त्याच्याकडे बघायचा.

त्याच्या बरोबरीचे आणखी दोन प्रमुख होते. विजेपासून कॉम्प्रेसरपर्यंतची देखभाल खराबवाडीच्या मारुतराव कड यांच्याकडे, आणि उत्पादन लातूरच्या करिष्मा बिराजदारकडे. तिघांचं एकमेकांशी भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

दिवाळीनंतर रोबोटांचे प्रोग्राम बदलायचं ठरलं. धम्मरत्नने दोघांना भलामोठा मेल लिहिला. वर ठळक मथळा: 'रविवारी लाइन बंद'. त्याच्या टीममध्ये लाइन म्हणजे रोबोटांना एकमेकांशी जोडणारं नेटवर्क. ते बंद ठेवून एकेका रोबोटात नवा प्रोग्राम भरायचा, आणि चाचणीसाठी समोर सुटे भाग लावायला करिष्माची चार माणसं हवीत, हे सगळं खाली सविस्तर होतं. अगदी खाली. मारुतरावांचं उत्तर आलं, 'ओके'. करिष्माने अंगठा पाठवला. धम्मरत्न निर्धास्त झाला.

रविवारी सकाळी तो टीम घेऊन कारखान्यात शिरला, तर आत मिट्ट काळोख. पंखा नाही, दिवा नाही, माणूस नाही. मागच्या बाजूला मारुतराव खुर्ची टाकून उन्हात बसले होते, आणि त्यांची माणसं ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळायला काढत होती.

"मारुतराव, हे काय चाललंय?"

"या साहेब. आज बरा दिस गावला आमाला. वरीसभर एक दिवस मागत व्हतो, कुणी देईना. तुमीच दिला."

"मी? अहो, मला वीज पाहिजे! मी मेल टाकलाय ना!"

"वाचला की. लाइन बंद म्हनलं व्हतं तुमी. केली बंद."

"लाइन म्हणजे नेटवर्क हो!"

मारुतरावांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "आमच्यात लाइन म्हंजी लाइट," ते म्हणाले. "आन आता सांजच्यापतुर काय ती यायची न्हाई. तेल काढलंय."

धम्मरत्नने तिथूनच करिष्माला फोन लावला. ती चिंचवडला साडीच्या दुकानात होती.

"माणसं? कशाला माणसं?" ती म्हणाली. "असेंब्लीची लाइन बंद म्हणलाव ना तुम्ही? मी सगळ्यांना सुट्टी दिली की. बिचारे खूश झाले, तुम्हाला दुवा देत होते."

टीमला घरी पाठवून धम्मरत्न गाडीत जाऊन बसला आणि प्लांट हेडच्या नावाने मेल लिहू लागला. दोघांची संमती लेखी होती, पुरावा भक्कम होता. पुरावा जोडायचा म्हणून त्याने आपलाच मथळा पुन्हा वाचला, आणि बोटं थबकली. लहानपणी पिंपरीच्या वस्तीत दिवे गेले की सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "लाइन गेली!" त्यात सगळ्यात मोठा आवाज धम्मरत्नचा असायचा.

तो स्वतःशीच ओशाळला. लिहिलेलं पुसून टाकलं आणि मारुतरावांकडे परत गेला. त्यांनी काही न विचारता डबा पुढे सरकवला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत.

"चूक माजी बी हाय," मारुतराव घास मोडत म्हणाले. "ट्रान्सफार्मर उघडनार, हे तुमाला सांगाया पायजे व्हतं. मी सांगितलं, पर गेटवरच्या वॉचमनला. म्हनलं, आता समद्यांना कळंल."

सोमवारी तिघे कँटीनमध्ये उभ्याउभ्या भेटले. करिष्मा म्हणाली, "एकाने सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. माझ्या सुपरवायझरांना मी हेच लावते."

धम्मरत्न नव्या रविवारबद्दल बराच वेळ आणि फार सुरेख बोलला. मारुतरावांनी डोकं खाजवलं. "म्हंजी तुमाला दिवसभर लाइट पायजे, आन चार मानसं. व्हय ना?"

आपलं एवढं विवेचन इतक्यात आटोपावं याचं त्याला वाईट वाटलं. पण चूक काढायला जागा नव्हती.

मग करिष्मा बोलली, आणि पाळी त्याची आली. घसा साफ करून तो म्हणाला, "उत्पादनाच्या नियोजनात समन्वय वाढवावा, असा मॅडमचा मुद्दा आहे."

"मी असं कधी म्हणले?" करिष्मा म्हणाली. "मी म्हणाले, गुरुवारी कच्चा माल कमी येणारय, तुमचे रोबोट हळू चालवा."

मारुतराव हसता हसता चहा सांडून बसले. धम्मरत्नचे कान लाल झाले, पण दुसऱ्यांदा त्याने नीट ऐकलं आणि बरोबर सांगितलं. पुढच्या रविवारी वीजही होती, माणसंही होती. एक रोबोट दुपारपर्यंत रुसून बसला, तेवढं सोडलं तर काम निर्विघ्न पार पडलं. उभ्याची ती बैठक मग दर सोमवारची झाली. धम्मरत्नचे मेल थोडे आखूड झाले, फार नाही.

ही सगळी हकीकत तो घरी रंगवून सांगत होता. बायको मिनल ऐकून घेऊन म्हणाली, "छान. आणि मगाशी मी काय सांगितलं, ते म्हणून दाखव बघू."

धम्मरत्न अंदाजाने म्हणाला, "मावशी?"

"मावशीचं काय?"

धम्मरत्नने सवयीने समोरच्या लॅपटॉपवर मेल शोधला. मिनल खो खो हसली. त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "पुन्हा सांग. सावकाश." शनिवारी दुपारच्या लोकलने मावशी येणार, आकुर्डी स्टेशनवर घ्यायला जायचं, त्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. मिनलने शाबासकी दिली.

शनिवारी तो वेळेआधीच आकुर्डीच्या फलाटावर हजर होता. लोकल आली, गेली. मावशी उतरल्याच नाहीत. त्या चिंचवडच्या फलाटावर भुईमुगाच्या शेंगा खात निवांत बसल्या होत्या. कुठे उतरायचं ते त्यांना मिनल सांगेल असं धम्मरत्नने धरलं होतं, आणि धम्मरत्न सांगेल असं मिनलने.