दोन डाव्या बाह्या

"मी काय माझ्यासाठी लिहिलं का ते?" सून म्हणाली. तिने इस्त्री उभी करून ठेवली, म्हणजे भांडण लवकर आटपणार नव्हतं. "ती बाई तुमच्या कामाला नावं ठेवत होती, आई."

"ती विचारत होती," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"चारचौघांत विचारलं म्हणजे नावं ठेवणंच झालं."

"मग तू चारचौघांत उत्तर दिलंस, ते काय झालं?"

मास्तरीणबाईंचे यजमान खिडकीशी बसून बटणं निवडत होते. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मला मध्ये घेऊ नका."

"तुम्हाला कोण घेतंय," बाई म्हणाल्या.

भांडण एका ओळीवरून होतं. ती ओळ मास्तरीणबाईंच्या नावाने लिहिली गेली होती, आणि त्यांना ती आज दुपारी एका गिऱ्हाइकाकडून कळली. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आखूड केलेली पँट न्यायला आल्या होत्या. पिशवीत पँट घालता घालता त्या म्हणाल्या, "समोर इतकं गोड बोलता, लिहिता मात्र फार कडक हो." मास्तरीणबाईंना काही उमजेना. तेव्हा त्या शिक्षिकेने आपला फोन काढून वाचूनच दाखवलं. मास्तरीणबाईंच्या शिवणाच्या व्हिडिओखाली कुणा बाईने विचारलं होतं, "दोनदा बघून कापलं, तरी दोन्ही बाह्या डाव्याच आल्या. माझं काय चुकतंय?" त्याखाली मास्तरीणबाईंचं उत्तर होतं, "आधी कात्री धरायला शिका, मग दुसऱ्यांच्या चुका काढा." त्याखाली तीनशे जण हसले होते.

मास्तरीणबाई एकतीस वर्षं याच खोलीत शिवत आल्या, म्हणूनच त्या मास्तरीण. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. दुकानात त्यांचा एक नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. कापड बिघडलं की गिऱ्हाइकाच्या लक्षात यायच्या आत आपणच ते टेबलावर पसरायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, हे इथे माझ्याकडून गेलं. आणि गिऱ्हाईक चुकलं असेल तर ते मात्र त्याला दाखवायचं नाही. दोन वर्षांपूर्वीचा झगा घट्ट होतो म्हणून कुणी आली, तर "कापड आटलं असणार" असं म्हणून त्या मुकाट्याने शिवण सैल करून देत. कॉटन असो की नायलॉन, त्यांच्या दुकानात आटायचं ते कापडच.

व्हिडिओचं डोकं सुनेचं. तीन वर्षांपूर्वी गुडघे धरल्यामुळे बाईंचं पायमशीन सुटलं, गिऱ्हाईक रोडावलं, आणि बाई दिवसभर पडद्याकडे बघत बसू लागल्या. तेव्हा सुनेने वरच्या फळीला फोन बांधला आणि म्हणाली, "आई, नुसतं कापून दाखवा. मला सांगता तसं बोला." व्हिडिओत बाईंचे फक्त हात दिसत. बघता बघता बारा हजार माणसं ते हात बघू लागली. बाईंना बारीक अक्षर चष्म्यानेही कष्टानेच वाचता येई, म्हणून लोकांनी लिहिलेलं सून मोठ्याने वाची. चांगलं तेवढंच वाची. "म्हातारीचे हात थरथरतात, हिला बसवा घरी" असलं काही तिने एकटीने वाचलं होतं आणि गिळलं होतं. कितीदा, ते तिने कधी सांगितलं नाही.

आज सांगितलं.

"दोनशे लोकांचं ऐकून घेतलं मी," ती म्हणाली. "एकदा तोंडातून गेलं. तुमच्यावर बोललेलं मला सोसत नाही, त्याला मी काय करू?"

बाई टेप बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो व्हिडिओ लाव. आणि तू काप."

"मी?"

"त्यात दाखवलंय तसंच काप. स्वतःची अक्कल लावू नकोस."

"ते काही अवघड नाही मला," सून म्हणाली. तिने फडताळातून फुलाफुलांचं उरलेलं कापड काढलं. व्हिडिओतले हात करत होते ते ती करत गेली. कापड सुलट पसरलं. बाहीचा कागदी नमुना वर ठेवला, खडूने आखला, कापला. एक बाही झाली. नमुना पुन्हा ठेवला, आखला, कापला. दुसरी झाली.

"अहो," बाई म्हणाल्या, "इकडे या. हात पुढे करा."

"मला मध्ये घेऊ नका म्हटलं होतं," असं म्हणत यजमान आले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. बाईंनी बाह्या त्यांच्या सदऱ्यावर टाचण्यांनी लावल्या. डावी बाही नीट बसली. उजवीकडची मात्र पुढून फुगली आणि मागून ओढली गेली. बाहीला पुढून जरा जास्त खोलगट कापतात, तो खोलगट भाग या बाहीत पाठीकडे गेला होता.

"मला काहीतरी होतंय," यजमान म्हणाले. "कुणीतरी मागून धरल्यासारखं."

सुनेने बाही काढली, उलटी करून पाहिली. उलटी लावली तर खांद्यावर बसत होती, पण फुलं आतल्या बाजूला जात होती. दोन्ही बाह्या डाव्याच होत्या. मग तिने फोनमधलं मूळ चित्रण शोधलं, न कापलेलं. त्यात पहिली बाही झाल्यावर बाईंच्या हाताने नमुना उचलला, पालथा केला, तळव्याने दोनदा थोपटला आणि मग कापडावर ठेवला. चार सेकंद.

"ते मी काढलं," सून म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "तुम्ही काही बोलत नव्हता. नुसतं थोपटणं होतं. लोक कंटाळतात म्हणून..."

"बोलायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या. "हाताला माहीत होतं, तोंडाला सांगायचं राहिलं. दुकानात समोर बसणारी माझा हात बघते. फोनपलीकडे बसलेल्यांना मी दाखवीन तेवढंच दिसतं."

"व्हिडिओ काढून टाकते आत्ता. कुणाला कळणारही नाही."

"तिला कळलंय."

"एकटीलाच ना."

"बारा हजारांत ती एकटीच चुकली असेल? बाकीच्या तुझं उत्तर वाचून गप्प बसल्या असतील. मीही बसले असते."

यजमान अजून हात पुढे करूनच उभे होते. "मी बसू का?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते एका बाहीसकट बसले.

बाईंनी चष्मा लावला आणि फोन मागितला. एका बोटाने लिहायला त्यांना अर्धा तास लागला. सुनेने दोनदा "मी लिहू का?" विचारलं आणि दोनदा त्यांनी मान हलवली. त्यांनी लिहिलं ते असं: "ताई, तुमचं काही चुकलं नाही. दुसऱ्या बाहीला नमुना पालथा करायचा, ते आमच्याकडून दाखवायचं राहिलं. वरचं उत्तर आमच्या घरातून गेलं, ते वाईट होतं. माफ करा. कापड टाकू नका. लहान मुलाचं असेल तर दोन्ही बाह्या मागूनही पुढच्याइतक्याच खोल कापा आणि आखूड करा. दोन्हीकडे चालतील."

खाली नाव घालायच्या आधी त्या थांबल्या. मग नुसतं "मास्तरीण" असं लिहिलं.

सून तव्याकडे गेली. पोळ्या अर्ध्या झाल्या तेव्हा फोन वाजला. तिने हात पुसून पाहिलं आणि या वेळी जे होतं ते सगळं मोठ्याने वाचलं. त्या बाईने लिहिलं होतं, "लेकीचा फ्रॉक आहे. उसवून ठेवला होता, टाकला नव्हता. उद्या करून बघते. मी पुन्हा विचारू शकते ना?" त्याखाली आणखी चौघी होत्या. एकीने लिहिलं होतं, माझ्याही डाव्याच आल्या, पण लाज वाटली. दुसरीने लिहिलं होतं, मी तर तशाच घालून फिरले. आणि एकाने लिहिलं होतं, म्हातारीला आता विसरायला होतं.

तेही सुनेने वाचलं.

"होतं खरं," बाई म्हणाल्या. "वाढ पानं."

पानावर बसल्यावर त्यांनी पहिला घास खाल्ला, पाणी प्यायलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "उद्या सकाळी बाहीचा व्हिडिओ पुन्हा करायचा. आधी चूक दाखवायची, ह्यांच्या अंगावर. थोपटणं कापायचं नाही. लोकांचं लिहिलेलं रोज जेवणाआधी मला वाचून दाखवायचं, चांगलं-वाईट सगळं, एकटीने वाचायचं नाही. उत्तर मी सांगीन तेच जाईल. दिवसाला चार गेली तर चार."